पान नऊवरचा बरोबर फोटो

संस्थेचं चिन्ह किती मोठं छापायचं आणि कुठे छापायचं, एवढंच बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. असं काही काम असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या सख्ख्या नणंदेला अजूनही वाटतं की मी संस्थेत झेरॉक्स काढत होते. मीही तिची समजूत काढायचं सोडून दिलं आहे, कारण आता मागे वळून पाहिलं की वाटतं, झेरॉक्सच काढल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणाचं वाईट तरी झालं नसतं.

आमची संस्था गोंदियाची. जिल्ह्यातल्या गावोगावी सिकलसेलच्या तपासण्या करायची. हा रक्ताचा आजार आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अंगात अडकतात, सांधे असे दुखतात की चांगला गडी जमिनीवर लोळतो. आईबापाकडून तो मुलांत येतो. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असेल तर मूल आजारी निघण्याची भीती असते. म्हणून आमच्या भागात हल्ली सोयरीक करताना पत्रिकेच्या आधी रक्ताचा अहवाल मागतात. ते चांगलंच आहे. ते मागायला आम्हीच शिकवलं.

माझं काम होतं संस्थेची पत्रकं, फलक आणि फोटो सांभाळणं. चिन्ह आमचं साधं होतं, ओंजळीत धानाचं रोप. त्याचा हिरवा रंग ठरलेला. चारी बाजूंनी रोपाच्या उंचीएवढी मोकळी जागा सोडायची, त्यात अक्षर नको, चित्र नको. चिन्ह ओढून लांब करायचं नाही, चेहऱ्यावर टाकायचं नाही. बाहेरच्याला हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रकार वाटतो. पण ज्या बाईला वाचता येत नाही तिला ते चिन्हच वाचता येतं. ते दरवेळी तसंच दिसलं तरच ती म्हणते, हे आपलेच लोक आहेत, यांना रक्त द्यायला हरकत नाही.

गोंदियात बंसीभाई नावाचे फ्लेक्सवाले होते. हाडाचे सज्जन आणि तितकेच हौशी. पहिल्या फलकावर त्यांनी आमच्या रोपामागे उगवता सूर्य टाकला आणि बाजूला दोन गुलाब.

"बंसीभाई, हे काय?"

"जगह खाली दिख रही थी मॅडम, तो भर दी."

"ती जागा मुद्दाम रिकामी सोडली होती."

"खाली छोड़ने के पैसे थोडी लेता हूं मैं?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी चिन्ह आडवं ओढलं, कारण फलक आडवा होता. रोप कोबीसारखं दिसायला लागलं. मी म्हणाले, तुमचा फोटो असा ओढून लावला तर चालेल का? बंसीभाई अंगाने काडी. ते म्हणाले, "लगाओ ना! मोटा दिखूंगा तो लोग सेठ समझेंगे." अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

सालेकशात एका पुढाऱ्याने आमच्या शिबिराला मंडप दिला आणि स्वतःच्या वाढदिवसाच्या फलकावर आमचं चिन्ह लावून टाकलं. मी सकाळच्या गाडीने गेले आणि त्याच्या माणसांसमोर स्टुलावर चढून चिन्हावर पांढरा कागद चिकटवला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं चिन्हवाली बाई. मुंबईहून एकदा मदत देणारे पाहुणे आले होते. माझे फोटो चाळून त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, छान आहेत, पण थोडं दुःख कमी पडतंय. मी म्हणाले, दुःख भरपूर आहे, पण ते आम्ही छापत नाही. हे वाक्य मी पुढे कितीतरी शिबिरांत मिरवलं. अशी मी होते. कुणी कौतुक करो न करो, आपण चोख आहोत याचा ताठा मला होता.

सगळ्यांच्या चुका दुरुस्त करून कंटाळले तेव्हा मी एक पुस्तिका केली. सोळा पानी. चिन्ह आणि छायाचित्रं कशी वापरावीत, कशी वापरू नयेत. गावातल्या कार्यकर्त्यांना आणि छापखानेवाल्यांना लांबलचक मजकूर देऊन उपयोग नसतो, म्हणून चित्रंच दिली. डावीकडे चूक, त्यावर लाल फुली. उजवीकडे बरोबर, त्यावर हिरवी खूण. पान नऊवर फोटोवर चिन्ह कुठे टाकायचं ते दाखवलं होतं. डावीकडे एका म्हाताऱ्याच्या कपाळावर चिन्ह. उजवीकडे एक आठ वर्षांची मुलगी, आणि तिच्या वर मोकळ्या आभाळात नेमक्या जागी आमचं रोप.

त्या मुलीला मी रत्ना म्हणते. तिचं खरं नाव तिच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही, आणि ती परवानगी मागायची मला हिंमत नाही.

रत्नाचं गाव केशोरीच्या बाजूला. धानाच्या रोवणीचे दिवस होते, शाळेच्या आवारात तपासणी चालू होती. मुलं रडत होती, पळत होती. ही एकटी पुढे आली आणि तिने बोट समोर धरलं. भीती डोळ्यांत होती, पण हात हलत नव्हता. मी फोटो काढला. बावीस वर्षांत तितका चांगला फोटो मला पुन्हा साधला नाही.

फोटो वापरायचा तर पालकांचं संमतिपत्र लागतं. वापर कशासाठी, किती वर्षं, नको असेल तर परत कसा घ्यायचा, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तिचे वडील बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, तसेच गुडघाभर चिखलाने आले.

"फोटो काढून राहिले त काढा ना जी. अंगठा कायले पायजे?"

मी त्यांना ते पत्र वाचून दाखवलं. 'सदर छायाचित्राचा वापर जनजागृतीसाठी' वगैरे. माझी वाचण्याची गती चांगली होती. त्यांनी मान हलवली. अंगठ्याला चिखल होता, ठसा नीट उमटेना, म्हणून मी त्यांना हात धुवून यायला सांगितलं आणि पुन्हा ठसा घेतला. ठसा स्वच्छ आला. त्यांना काय कळलं ते मात्र मी विचारलं नाही.

रत्नाचा अहवाल साफ आला. तिच्या रक्तात आजार नव्हता, आजाराचा अंशही नव्हता. मोहिमेच्या फलकावर तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मी तपासणी केली, तुम्ही?' त्यात खोटं काही नव्हतं. पाच वर्षांनी संमतीची मुदत संपली तेव्हा मी तिचा फोटो संगणकातून काढला, फलकांच्या यादीतून काढला, आणि तो यापुढे वापरू नये अशी पत्रं गावोगाव धाडली. असं करणारी मी आमच्याकडे एकटीच होते. लोक हसायचे.

पुस्तिकेतून मात्र मी तो काढला नाही. विसरले असं म्हणणंही खरं नाही, कारण विसरायला आधी आठवावं लागतं. पान नऊवर माझ्या लेखी मुलगी नव्हतीच. तिथे एक मोकळा कोपरा होता आणि त्यात नीट बसलेलं चिन्ह होतं.

मी निवृत्त झाले. मागच्या वर्षी भाऊबीज उलटली आणि तीन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, तुमी संस्थेतल्या फोटोवाल्या मॅडम ना? मी लहान असताना तुमी माझा फोटो काढला होता. बोट पुढं केलेला."

मला आनंदच झाला. म्हटलं, हो गं, कशी आहेस?

"तो आमच्या मंडईत लागून हाये. मले पाहाले पावने आले होते. ते चहा बी न घेता निंगून गेले."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचा लोकनाच, नाटक, आणि घराघरांत पाहुण्यांचा राबता. सगळे सोयरे एका ठिकाणी सापडतात म्हणून लग्नाची बोलणीही याच दिवसांत होतात. रत्ना आता बावीस-तेवीस वर्षांची, शिकलेली, खासगी शाळेत शिकवणारी. अर्जुनी मोरगावजवळच्या गावातलं स्थळ होतं. मुलगा आणि ती एकमेकांना आधीच पसंत होते, घरच्यांचं तेवढं पक्कं व्हायचं होतं. पाहुणे मंडईच्या निमित्ताने आले, आणि मंडईच्या तोंडाशीच आमचा फलक.

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेने अर्जुनी मोरगावला उतरले, तिथून एसटीने पुढे. फलक ग्रामपंचायतीसमोर, मंडईच्या तोंडाशी अजून तसाच होता. जे घडलं ते सांगते, कारण न सांगता हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. माझी नजर आधी चिन्हावर गेली. रंग बरोबर. आकार बरोबर. चारी बाजूंनी जागा अगदी मापात. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग मी खालचा मजकूर वाचला. 'सिकलसेलग्रस्तांना आधार द्या.' आणि वर आठ वर्षांची रत्ना, बोट पुढे करून. वयाने चेहरा फारसा बदललेला नव्हता. गावात कुणीही ओळखला असता.

फलक करून घेणारी संस्थेची नवी कार्यकर्ती शेजारच्या गावची, मंदा म्हणू तिला. ती धावत आली, तोवर तिच्या कानावर सगळं गेलं होतं. हातात माझीच पुस्तिका.

"मी यातलं पाहूनच केलं जी मॅडम. दुकानवाल्याले म्हटलं, जसं हाये तसंच पायजे, एक सूत इकडं-तिकडं नको. बरोबरची खूण होती ना त्याच्यावर?"

बावीस वर्षं मी अशा कार्यकर्तीची वाट पाहिली होती. सूर्य नाही, गुलाब नाहीत, सांगितलं तेवढंच करणारी. दुकानवाल्याने पान नऊ स्कॅन करून मोठं केलं होतं. मी मंदाला काय बोलणार? मान खाली घालून दोरी सोडायला लागले. एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "मोठा हाये जी, धान झाकाले होते. मले द्या ना." मी फलकाची घडी करून पिशवीत कोंबली.

रत्नाने तोवर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासणी केली होती. अहवाल पुन्हा साफ. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी सांगान त ते ऐकतीन. तुमी त्याच संस्थेच्या हाव ना."

मी आणि तिचे वडील मुलाच्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांनी आम्हाला आदराने बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, हार घातलेला. मी अहवाल पुढे केला आणि म्हणाले, "भाऊ, फलकावरचं खोटं आहे. पोरीला काही आजार नाही."

त्यांनी अहवाल नीट वाचला. वाचता येणारा माणूस होता.

"बाई, ही माझी मोठी पोरगी. शाळेत होती तवा गेली. काऊन दुखते, कायले दुखते, कोनाले समजत नोयतं. भूतबाधा म्हनून आमी किती देव केले. तुमची संस्था आली, तवा समजलं. तवापासून ज्या कागदावर ते रोप हाये, तो कागद मी डोळे झाकून मानतो."

त्यांनी अहवालाची घडी घातली.

"आता तुमी म्हनता, रोप हाये पन खोटं हाये. मंग माझ्या पोरीचं सांगितलं ते?"

"ते खरं होतं, भाऊ."

"कोनतं खरं आन् कोनतं खोटं, हे आमी कसं वळखाव जी?"

याचं उत्तर माझ्या सोळा पानांत कुठे नव्हतं. ओंजळीतल्या रोपावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मी आयुष्यभर झटले होते, आणि या माणसाने तो ठेवला होता. माझं काम इतकं चांगलं झालं होतं की आता मलाच ते खोडता येत नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मोकळं होता येत नाही. भलतं झालं ते दुसऱ्याच्या पोरीचं.

शेवटी ते म्हणाले, "मी रिपोर्ट मानतो बाई. पन घरची तयार नाई. आन् पंधरा पावने तो फोटो पाहून गेले, मी कोना-कोनाच्या घरी रिपोर्ट घेऊन फिरू?" मुलगा ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. पोरीच्या जिवावर उठणारे फक्त बोलणारेच असतात असं नाही.

परतीच्या एसटीत रत्नाचे वडील खिडकीबाहेर बघत बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "गलती माझीच हाये बाई. अंगठा त म्याच देल्ला होता." मी त्यांना कितीदा म्हटलं, तुमची काहीच चूक नाही. त्यांना ते पटलं नाही. माझ्याकडे दाखवायला त्यांचा स्वच्छ उमटलेला ठसा होता, त्यांच्याकडे माझ्याविरुद्ध दाखवायला काहीच नव्हतं.

मी संस्थेच्या वरच्या कार्यालयात फोन केला. माझ्या जागेवर आता एक हुशार तरुण बसतो. तो खरोखर हळहळला. म्हणाला, "मॅडम, आपण पुस्तिका परत मागवू. आणि त्या गावात दुरुस्तीचा फलक लावू. तुमचाच नियम आहे ना, दुरुस्ती मूळ मजकुराइतकीच ठळक हवी." मग म्हणाला, "फक्त त्यावर मुलीचा फोटो लागेल. नाहीतर कुणाबद्दल आहे ते लोकांना कळणार कसं? ती आता सज्ञान आहे, तेवढं संमतिपत्र घ्या."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे तर झोपा करायलाही तोच बैल हवा होता. तरी मी संमतिपत्र घेऊन गेले. दुसरं काय करणार होते?

रत्ना अंगणात शाळेच्या वह्या तपासत होती. आई दारात उभी होती, ती मला पाहून आत वळली. रत्नाने कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मध्ये एकदा मागे जाऊन एक ओळ पुन्हा वाचली. बावीस वर्षांत शेकडो माणसांच्या सह्या आणि अंगठे मी घेतले असतील. ते पत्र पूर्ण वाचणारी ही पहिलीच.

"म्हंजे, माफी मागाले बी माझाच फोटो पायजे?"

मी म्हणाले, "लोकांना कळायला हवं ना, कुणाबद्दल आहे ते."

"त्यायले कळलं हाये मॅडम. माह्याबद्दल हाये हे समद्यायले माईत हाये. चूक कोनाची, तेवढंच माईत नाई."

ती चिडलेली नव्हती. वर्गात मुलांना गणित समजावून सांगावं तशी बोलत होती. कागद तिने माझ्याकडे परत सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"तुमचा फोटो लावा ना. आमच्या मंडईत, त्याच जागी. खाली लिहा, चूक या बाईची हाये, पोरगी चांगली हाये. तुमाले त समदे वळखतेत. तुमी सही करा, मी स्वता उभी राहून लावून घेतो."

यात अवघड काही नव्हतं. फोटो माझा, सही माझी, फलकाचं मापही मला पाठ. मी पेन उचललं. आणि डोक्यात काय आलं? गोंदियात बाजारात लोक काय म्हणतील. नणंद काय म्हणेल. माझ्या मुलाच्या सासरचे अधूनमधून केशोरीकडे जातात, त्यांनी पाहिलं तर. पुढाऱ्याच्या फलकावर कागद चिकटवणारी, पाहुण्यांना सुनावणारी ती चिन्हवाली बाई मंडईच्या तोंडाशी टांगलेली, येणारा-जाणारा बोट दाखवतोय.

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

रत्नाने मान हलवली आणि पुढची वही ओढली.

त्याला आता वर्ष होत आलं. संस्थेने पुस्तिका परत मागवल्या, काही आल्या, पुष्कळ आल्या नाहीत. त्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात दुसरीकडे झालं. रत्नाला मधे दोन स्थळं आली, विचारपूस करून गेली, पुन्हा आली नाहीत. हे मला मंदाकडून कळतं. रत्नाला फोन करायला मी मोबाइल हातात घेते आणि ठेवून देते.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा वाटलं, निदान लिहून तरी टाकू. लेख वेळेत पूर्ण झाला. काल त्यांचा निरोप आला, लेखासोबत छापायला तुमचा एक फोटो पाठवा, सगळ्याच लेखकांचे छापतो आहोत.

लेख पाठवला. फोटो पाठवला नाही.